मे महिन्यात आमच्याकडे तळं नसतं

सुरुवातीलाच सांगून टाकते म्हणजे नंतर कुणी फोटो मागायला नको. माझ्या माहेरच्या घरातून कोयनेचं बॅकवॉटर दिसतं, खरंय. ओट्यावर बसलं की समोर पाणी, पलीकडे जंगल, त्याच्यामागे सह्याद्रीचे कडे, सगळं खरंय. पण हे ऑगस्टपासून फार तर फेब्रुवारीपर्यंत. आम्ही सगळे जातो मे महिन्यात, पोरांना सुट्ट्या तेव्हाच असतात ना, आणि मे महिन्यात ओट्यावरून काय दिसतं तर खाली उतरत गेलेली लांबच लांब मोकळी जमीन, पाणी जसं जसं हटलं तशा तिच्यावर पडलेल्या आडव्या रेघा, मध्ये दगडांचे ढीग, चरणाऱ्या म्हशी, आणि पार तळाला एक निळी पट्टी. त्या पट्टीपर्यंत जायला वीसेक मिनिटं लागतात आणि परत वर यायला त्याच्या दुप्पट, कारण चढ आहे आणि वरून ऊन.

तरी मला विचाराल तर आमचं गाव बघावं ते मे मध्येच. पावसाळ्यानंतरचं ते कॅलेंडरवालं दृश्य सगळ्यांसाठी आहे, पण पाणी उतरल्यावर जे वर येतं ते फक्त आमचं आहे. म्हणजे सरकारी कागदावर तेही आमचं नाही, पण ते पुढे येईलच.

आधी जरा पत्ता. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या पठारावरून पुढे जायचं आणि मग खाली खाली उतरत बामणोली. कास म्हटलं की लोकांना सप्टेंबरातली फुलं आठवतात, पण मे महिन्यात तिथे नुसता तापलेला काळा कातळ असतो आणि एसटीच्या खिडकीतून भट्टीचा वारा. बामणोलीला खरं तर रस्ता संपत नाही, आमच्यासाठी संपतो, कारण आमचं गाव पाण्याच्या पलीकडे आणि पुढचा प्रवास लाँचने. गावाचं नाव लिहीत नाही, आधीच रविवारी गाड्या वाढल्यात. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि कृष्णेसारखी पूर्वेला न जाता आधी सरळ दक्षिणेला वाहते, तिला वाटेत सोळशी आणि कांदाटी येऊन मिळतात, आणि खाली कोयनानगरला १०३ मीटर उंच धरण बांधल्यामुळे ही सगळी खोरी पाठीमागे पन्नासेक किलोमीटरपर्यंत पाण्याने भरतात. याला शिवसागर जलाशय म्हणतात. याच जलाशयाकाठच्या तापोळ्याला "मिनी काश्मीर" लिहिलेल्या पाट्या दिसतात, ते कुणी सुरू केलं माहीत नाही पण आमच्या नानींचं म्हणणं आहे की काश्मीरवाले कुठे स्वतःला मिनी तापोळा म्हणतात का, मग आपण कशाला.

नाना म्हणजे माझे थोरले काका, नानी म्हणजे काकी. गावातलं घर तेच दोघं सांभाळतात. आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि त्यांच्याआधी आजोबांचे चुलतभाऊ, सगळे मुंबईला माथाडीत. आमच्या भागातून, जावळी, महाबळेश्वर, पाटण या तिन्ही तालुक्यांतून, ज्यांच्या जमिनी पाण्यात गेल्या किंवा ज्यांना डोंगरउतारावर नाचणी-वरीवर भागेना ते पाठीवर पोतं घ्यायला मुंबईत गेले. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची युनियन उभी केली, १९६९ ला माथाडी कायदा झाला, म्हणून आमच्यासारख्यांना नवी मुंबईत पक्कं घर मिळालं. आप्पा आधी मस्जिद बंदरला होते, मग बाजार वाशीला हलला तसं तेही हलले. मी कोपरखैरण्यात वाढले. त्यामुळे "गाव" म्हणजे माझ्यासाठी मे महिनाच, बाकीचे अकरा महिने गाव म्हणजे फोनवर नानींचा आवाज आणि तोही नेटवर्क असेल तर.

माझा नवरा नागपूरचा. लग्नानंतर पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या डोक्यात तलाव म्हणजे फुटाळा, काठावर चौपाटी, मक्याचं कणीस, संध्याकाळी गर्दी. बामणोलीला उतरल्यावर लाँचपर्यंत जाण्यासाठी सामान डोक्यावर घेऊन एवढं खाली चालावं लागेल हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पावसाळ्यानंतर लाँच अगदी वरपर्यंत येते, पण पाणी उतरतं तसा धक्काही पाण्यामागे खाली खाली सरकतो, धक्का म्हणजे काय तर चार दगड आणि एक फळी. शेवटच्या टप्प्यात चिखल असतो, वरून सुकलेला दिसतो आणि पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. त्याचे नवेकोरे बूट तिथेच गेले. लाँचवाला म्हणाला, "पाव्हणं, हितं बुटाचं काम न्हाय." आता तो साताऱ्यातच चप्पल घालून घेतो आणि नवीन येणाऱ्यांना ज्ञान देतो.

लाँचचा प्रवास मला एवढा आवडतो की मी मुद्दाम पुढे टोकाला जाऊन बसते. डिझेलचा वास, इंजिनाचा असा आवाज की बोलायचं तर ओरडूनच, मध्ये रेशनची पोती, गॅसचं सिलिंडर, पाय बांधलेल्या कोंबड्या, कुणाचं तरी लग्नाचं रुखवत. मे म्हणजे लग्नाचा सीझन, त्यामुळे अख्खं वऱ्हाड लाँचमधून जाताना दिसतं, बँड-बिंड सकट, नवरदेव फेटा धरून बसलेला कारण वारा. मास्तर, नर्सबाई, पेशंट, सगळे यातूनच. गाड्या पलीकडे न्यायच्या तर तराफा असतो, त्यावर जीप चढवतात आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, चालवणाऱ्याला काही नाही. आता तापोळ्याजवळ मोठा पूल होतोय, तो झाला की तिकडच्या गावांचं दळणवळण एकदम बदलेल, आणि बदलायलाच पाहिजे, रात्री कुणाला साप चावला तर लाँच शोधत बसायचं हे काही रम्य वगैरे नसतं.

घर साधंच आहे. पुढे ओटा, माजघर, मागे चूल आणि न्हाणी, वर कौलं. पण पुढचं दार बघाल तर घराच्या मानाने फारच मोठं आणि जाड, सागाचं, कोरीव चौकटीचं. ते या घराचं दारच नाही. ते खालच्या घराचं आहे.

धरणाचं काम १९५४ ला सुरू झालं आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी चढायला लागलं. आजी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली, सोळा-सतरा वर्षांची असेल. ती सांगते की पाणी येणार येणार असं एवढी वर्षं ऐकलं होतं की कुणाला खरंच वाटत नव्हतं. नदी तर तिथे होतीच, पावसाळ्यात फुगायची आणि ओसरायची, तसंच काहीतरी असेल असं वाटलं. मग एका पावसाळ्यात फुगली ती ओसरलीच नाही. लोकांनी घरं उतरवली, म्हणजे अक्षरशः उतरवली, दारं, चौकटी, वासे, तुळया काढून खांद्यावर घेऊन डोंगरात वर चढले. देव आधी हलवला, मग गुरं, मग माणसं. सरकारने जमिनी दिल्या त्या लांब, कुणाला सोलापूर जिल्ह्यात, कुणाला ठाणे-रायगडकडे. आजोबांचे धाकटे भाऊ सोलापूरकडे गेले. आजोबाही बघायला गेले होते, परत येऊन म्हणाले सावलीला झाड नाही तिथे, मी जात नाही. आणि मग पाण्याच्या रेषेच्या वर, जिथे आधी आमची वरीची शेती होती त्या उतारावर, हे घर बांधलं, खालच्या घराचं दार लावून. म्हणून आमचं घर तळ्याकाठी आहे. आम्ही तळ्याकाठी गेलो नाही, तळं आलं.

आजही त्या वेळच्या सगळ्यांचं पुनर्वसन पूर्ण झालेलं नाही. डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाने कोयना प्रकल्पग्रस्तांची आंदोलनं केली, तेव्हा म्हातारी माणसं दिवसच्या दिवस उन्हात बसून होती, धरणासाठी गाव सोडलं तेव्हा जी लहान पोरं होती ती. यावर मी जास्त लिहीत नाही, लिहायला गेले तर सुट्टीचा ब्लॉग राहणार नाही.

तर मे महिन्यात सोलापूरचे काका पण येतात. आजोबांच्या त्या धाकट्या भावाचा मुलगा, म्हणजे आप्पांचा चुलतभाऊ. तिकडे त्यांचा ऊस आहे, ट्रॅक्टर आहे, आमच्यापेक्षा बरं चाललंय, पण दरवर्षी वैशाखात गावची यात्रा असते आणि देव इकडे आहे त्यामुळे यावंच लागतं. यात्रेबद्दल काय सांगू, पालखी, छबिना, दुसऱ्या दिवशी मटण आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांची पोटं बिघडलेली, कुठल्याही गावासारखीच. खरी गंमत यात्रेनंतर असते. पाणी तोपर्यंत पुरेसं उतरलेलं असतं आणि जुनं गाव वर आलेलं असतं.

गाव म्हणजे काय, घरांची जोती उरलीत. काळे दगड ओळीत, कुठे कुठे दोन-तीन थर शाबूत, कुठे नुसती रेघ. एका ठिकाणी फुटकं जातं. देवळाच्या पायऱ्या, देऊळ नाही. विहिरीचा कठडा, आत गाळ भरलेला. झाडांची काळी पडलेली खोडं, इतकी वर्षं अर्धा वेळ पाण्यात आणि अर्धा वेळ उन्हात राहून दगड झाल्यासारखी, लाँचवाल्यांना ती सगळी पाठ आहेत कारण पाणी त्यांच्या जरा वर असतं तेव्हा तळाला लागतात. पोरं तिथे "हे कुणाचं घर" खेळतात. माझी मुलगी आणि दादाची दोन पोरं एकेका जोत्यावर उभी राहून वर ओरडतात आणि ओट्यावरून आजी हात हलवून सांगते उजवीकडे, अजून उजवीकडे, तिला एवढ्या लांबून काय दिसतं देव जाणे, तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय पण तरी. तिच्या हिशेबाने देवळापासून चौथं घर आमचं. त्याला पुढे तीन पायऱ्या होत्या, तिथे आता दोन आहेत.

सोलापूरचे काका त्यांच्या जोत्यावर जाऊन नारळ फोडतात. त्यांचा जन्म तिकडचा, या घरात ते एक रात्रही राहिलेले नाहीत. नारळ फोडून झाला की ते आणि नाना बांधावरून भांडायला लागतात. हो, बांध. आजोबा आणि त्यांचे भाऊ यांच्यात खाली नदीकाठच्या एका भाताच्या खाचराची वाटणी झाली होती आणि बांध चिंचेच्या झाडाच्या अलीकडून होता की पलीकडून यावर दोघांचं एकमत नाही. चिंच राहिलेली नाही. खाचर राहिलेलं नाही. जमीन साठ वर्षांपूर्वी संपादन होऊन सरकारजमा झालीये आणि वर्षातले आठ महिने त्यावर पाणी असतं. पण दोघं पन्नाशी-साठी उलटलेले पुरुष भर उन्हात टॉवेल डोक्यावर घेऊन पावलं मोजत फिरतात, आणि माझा नवरा, ज्याच्या घरी सगळे शहरातले, तो हे सगळं तोंड उघडं टाकून बघत असतो.

पाणी उतरलेल्या जमिनीवर गाळपेर करतात, म्हणजे गाळात पेरायचं. पाणी हटत जातं तसं मागोमाग पेरत जायचं, ओल जमिनीतच असते त्यामुळे वेगळं पाणी लागत नाही. नाना थोडा हरभरा, थोडा गहू करतात, तो आम्ही येईपर्यंत निघालेला असतो, पण काकड्या असतात. त्या काकडीची चव मी दुसरीकडे खाल्ली नाही, मीठ-तिखट पण लागत नाही. अर्थात गवे आणि रानडुकरं ठेवतील तर. हा सगळा भाग कोयना अभयारण्याला लागून आहे, २०१० ला चांदोली आणि कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्यामुळे जनावरांना हात लावायचा प्रश्नच नाही, राखण करायची आणि डबे वाजवायचे.

आता पाणी उतरतं कुठे, हा प्रश्न माझ्या मुलीने विचारला होता आणि मला वाटलं चांगला प्रश्न आहे. दोन्हीकडे उतरतं. कोयनेचं धरण १०५ टीएमसीचं, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाण्याचं, त्यातलं बरंचसं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला कोकणात पोफळीला जातं, तिथे जमिनीखालच्या वीजकेंद्रात वीज तयार होते, मग खाली कोळकेवाडीला परत वीज, आणि शेवटी वाशिष्ठी नदीतून चिपळूणवरून समुद्रात. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादाने पश्चिमेकडे वळवायची मर्यादा वर्षाला ६७.५ टीएमसी घालून दिलीये. बाकीचं पूर्वेला कोयना नदीतून कराडला कृष्णेला मिळतं आणि सांगलीकडच्या टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांना जातं. त्यामुळे तिकडे उन्हाळ्यात शेताला पाणी सोडलं की इकडे आमचा लाँचचा धक्का दहा फूट खाली. नाना पेपरात पाणीसाठा बघून सांगतात यंदा खालची विहीर दिसणार का नाही. १९९९ ला जलाशयाच्या तळाशी स्फोट करून लेक टॅपिंग केलं ते नव्या वीजकेंद्राला पाणी न्यायला, परत २०१२ ला केलं ते याचसाठी की पाणी आणखी खाली गेलं तरी वीजनिर्मिती चालू राहावी. नाना म्हणतात त्याच्यामुळे आमचं गाव जास्त दिसायला लागलं. हे कितपत बरोबर आहे ते इंजिनिअर सांगतील, पण ओट्यावर तरी हेच मत अंतिम आहे.

आणि १९६० मेगावॅटचा तो सगळा प्रकल्प ज्या पाण्यावर चालतो ते पाणी ज्या घरातून दिसतं त्या घरात मे महिन्यात संध्याकाळी लाईट जाते. रोज नाही, पण जाते. आम्ही कंदील लावतो आणि पोरांना ते भारी वाटतं. आप्पांना नाही वाटत. ते अंधारात उकाड्यात टॉवेलने वारा घेत पोफळीच्या दिशेला तोंड करून जे बोलतात ते मी इथे लिहिणार नाही.

मे मधलं गाव म्हणजे सुट्टी असं फक्त आम्हाला वाटतं, नाना-नानींना तो सगळ्यात कामाचा महिना. इथे वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर घराबाहेर पडणं मुश्कील, त्यामुळे चार महिन्यांची सगळी तयारी मे मध्ये. शाकारणी करायची, म्हणजे कौलं काढून साफ करून, फुटकी बदलून परत लावायची. लाकूडफाटा भरायचा. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे, म्हणजे वाफ्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या, वर माती असं पसरून पेटवायचं, संध्याकाळी सगळ्या डोंगरांवर धूर दिसतो आणि केसांना तो वास येतो तो कोपरखैरण्यात परत आल्यावर दोनदा शाम्पू केला की जातो. नानी, आई आणि वहिनी कुरडया घालतात, पापड लाटतात. सुकट आणि बोंबील कोकणातून येतात, कांदाटी खोऱ्यातल्या वरच्या गावांना तर रघुवीर घाटातून खेडचा बाजारच जवळ पडतो, सातारा लांब. पावसाळ्यात तो घाट पण दरडी कोसळून बंद होतो. मग जे घरात आहे ते खायचं.

आम्हा मुंबईवाल्यांनाही कामं मिळतात. माझा नवरा कौलांवर चढतो, दुसऱ्याच वर्षी त्याने मागितलं होतं ते काम, आणि त्याच्या खाली शिडी धरून नाना उभे असतात आणि दर मिनिटाला म्हणतात, "जावईबापू, उतरा आता, चहा झालाय." कारण जावई कौलावरून पडला तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. दादा एकही काम करत नाही. तो ऑफिसचा कॉल आहे म्हणून सकाळी लॅपटॉप घेऊन वरच्या टेपावर एका खडकावर जाऊन बसतो, तिथे नेटवर्कच्या दोन दांड्या येतात, आणि दुपारी बघावं तर लॅपटॉप उशाला घेऊन झोपलेला.

पोरांचं वेळापत्रक करवंदं, जांभळं, आळूची फळं, रायवळ आंबे, परत करवंदं. सकाळी लवकर जायचं नाही आणि संध्याकाळी उशीर करायचा नाही, कारण अस्वलालाही करवंदं आणि जांभळं तेवढीच आवडतात. मी लहान असताना मला हे घाबरवायला सांगतात असं वाटायचं. नंतर एकदा पायवाटेवर ताजी विष्ठा बघितली, सगळी जांभळाच्या बियांनी भरलेली, तेव्हापासून मीच पोरांना ओरडते. पाण्यात डुंबायला बंड्याबरोबरच जायचं, हा नियम. बंड्या म्हणजे नानांचा मुलगा, त्याला कुठे पायाखाली दगड आहे आणि कुठे गाळ ते माहीत आहे. तो सकाळी जाळं बघून येतो, कधी कटला, कधी मरळ, मरळ मिळाली की त्या दिवशी नानी बाकी कुणाला चुलीजवळ येऊ देत नाहीत. नाचणीची भाकरी, मरळीचं कालवण, कैरी घालून. संपला विषय.

भूकंपाचं सांगायचं राहिलं. कोयना म्हटलं की ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, आजीच्या पिढीला ती तारीख विचारावी लागत नाही. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, माणसं गेली. आमच्या इकडे भिंती पडल्या, लोक थंडीत कित्येक रात्री बाहेर झोपले. त्याच्यानंतर बारीकसारीक धक्के चालूच आहेत, आणि गावाला त्याची इतकी सवय की विचारू नका. एका दुपारी जेवताना मांडणीवरची भांडी खुळखुळली, खालून कुणीतरी ढकलल्यासारखं झालं, माझा नवरा ताट सोडून अंगणात. मागे वळून बघतो तर पंगत चालू. नानी वाढता वाढता म्हणाल्या, "बसा की, बारका हुता." आजीने तर मानही वर केली नाही. मग त्याला समजावलं की घराच्या आतल्या भिंती अजून कुडाच्या आहेत, कारवीच्या काठ्या आणि वर शेणमाती, त्या पडल्या तरी माणूस मरत नाही. यावर त्याचं समाधान झालं असं वाटत नाही.

आणि आता या उन्हाळ्यात गाजलेला विषय. बंड्याला होमस्टे काढायचाय. त्यात त्याची काही चूक नाही, २०२४ ला मुनावळ्याला सरकारने जलपर्यटन सुरू केलं, स्पीडबोटी आणि काय काय, शिवाय या सगळ्या पट्ट्यात "नवीन महाबळेश्वर" प्रकल्प येणार म्हणून गेली काही वर्षं पुण्या-मुंबईच्या गाड्या गावोगाव फिरतायत, उतरतात, चहा पितात, सातबारा बघू म्हणतात. आमच्याकडे पण एकजण येऊन गेला, पांढरे बूट घालून, त्याचेही गेले चिखलात. बंड्याचं म्हणणं असं की विकायचं नाही पण दोन खोल्या आणि चार तंबू टाकले तर मला मुंबईला जायची वेळ येणार नाही. हे ऐकल्यावर आप्पा गप्प झाले, कारण मुंबईला जायची वेळ येणं म्हणजे काय ते घरात त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. ते एवढंच म्हणाले की पोरगा इथे राहून कमावणार असेल तर मी पैसे घालतो. आई म्हणाली, अनोळखी माणसं घरात येणार, बाटल्या आणणार. वहिनीने बुकिंग ॲप कसं चालतं ते सांगायला सुरुवात केली. मी बंड्याच्या बाजूने, आणि मे महिन्यात खोल्या आम्हालाच लागणार असतील तर त्याने सीझन कुठला धरायचा हा प्रश्नही मीच काढला.

"मे मध्ये कोण येणार पण," दादा म्हणाला, "पाणी कुठंय?"

"पाणी गेलंया सांगलीला," नानी म्हणाल्या. "सांगायचं, पावसात या."

बंड्याने त्याच्यावर पण विचार केलेला. मे मध्ये तंबू वर लावायचेच नाहीत, खाली टाकायचे, पाण्याजवळ, जुन्या गावात. जोत्यांच्या मधल्या सपाट जागा आहेत, रात्री शेकोटी, आजीकडून गावाच्या गोष्टी, लोक पैसे देतील. कल्पना वाईट नाही, परवानगीचं काय ते जाऊ दे, पाटबंधारेवाले आणि वनखातं यांच्यापैकी कोण आधी येऊन उठवेल एवढाच प्रश्न. पण तिथपर्यंत चर्चा पोचलीच नाही, कारण इतका वेळ पानाला चुना लावत बसलेले सोलापूरचे काका सरळ झाले.

"खाली म्हंजे कुठं रं? देवळाच्या अंगाला? ती जागा आमची हाय. भाडं काय देणार ते आधी बोल."

आजी हसायला लागली, ती हसली की तिला खोकला येतो, वहिनी पाणी आणायला उठली. बंड्या माझ्याकडे बघत होता, मी आप्पांकडे. नानांनी पायात चप्पल घातली, खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि म्हणाले, "तू ऊठ. आधी बांध कुठनं हुता ते बघू, मग भाड्याचं."